नवी रायफल, साडेतीन इंचांचा पसारा: परत पाठवू की नको?

लीहायकाठ (धागाकर्ता)
सप्टेंबरात ३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली. दुर्बीण वर बसवूनच मिळते, तसला जोड. इकडे पेन्सिल्व्हेनियात हरणाचा रायफल हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, म्हणजे हातात पाच आठवडे.

१०० यार्डांवर, पुढचा दस्ता (नळीखालचा भाग) वाळूच्या पिशवीवर टेकवून, १५० ग्रेन वजनाच्या गोळीच्या एकाच खोक्यातल्या काडतुसांनी मारलं. पहिल्या तीन गोळ्या सव्वादोन इंचांत (सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, तोच पसारा). पुढच्या तीन साडेतीन इंचांत. त्यापुढच्याही तेवढ्याच, शिवाय अख्खा गट दोन इंच उजवीकडे सरकलेला. आणि खोक्यावर एका मिनिटाची हमी छापली आहे! मिनिट म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर जेमतेम एक इंच, नेमकं सांगायचं तर १.०४७.

माझं मत: सरळ कारखान्यात परत. नवी गाडी एका बाजूला ओढायला लागली तर आपण स्वतः पाना घेऊन खाली शिरतो का?

दोनदा_मोजा
गाडी ओढते तेव्हा आधी टायरमधली हवा बघतो की राव.

दुकानात बसवलेल्या दुर्बिणीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. दुर्बीण धरणाऱ्या रिंगा सोडव, दुर्बीण खाली काढ आणि तिच्याखालच्या बेसचे (रिंगा ज्यावर बसतात ती पट्टी) स्क्रू तपास. रिंगांचे स्क्रू वरून दिसतात म्हणून सगळे तेच पिळत बसतात. बेसकडे कुणी बघत नाही, कारण तो झाकलेला. त्यानंतर दस्ता आणि अ‍ॅक्शन (काडतूस भरायचा-उडवायचा लोखंडी भाग) जोडणारे खालचे दोन स्क्रू. किती आवळायचे ते पुस्तिकेत असतं, बहुतेक ठिकाणी ४५ ते ६५ इंच-पाउंडांच्या दरम्यान. रिंगांना त्याहून खूप कमी लागतं, तिथे जोर लावलास तर दुर्बिणीची नळी चेपेल. अंदाजाने आवळू नकोस, टॉर्क पाना घे.

कारखान्यात पाठवलीस तर आठ आठवडे विसर. हंगाम संपल्यावर येईल, सोबत चिठ्ठी: 'तपासली, ठीक आहे.'

मिशिगनचे_अण्णा
नाचता येईना अंगण वाकडं.

लीहायकाठ
अण्णा, पुण्यात एनसीसीत दोन वर्षं पॉइंट टू-टू मारली आहे. अंगण मला ओळखतं.

मिशिगनचे_अण्णा
टू-टूला धक्का असतो का रे? ३०८ खांद्याला हाणते आणि डोक्याला ते आधीच ठाऊक असतं. चाप सुटायच्या आत अंग चोरलं जातं. तुला कळणारही नाही, कारण त्याच क्षणी बार होतो.

मित्राला काडतुसं भरायला बसव. मधूनच एखादं डमी (दारू नसलेलं खोटं काडतूस) घालू दे, तुला न सांगता. डमीवर चाप ओढलास आणि नळीचं तोंड खाली गेलं, की समज कारखाना कुठे आहे ते.

रंकाळा_रेंज
मी कोल्हापूरचा. शिकारीतलं कळत नाही, ५० मीटर मारतो. (स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून कांस्य आणल्यापासून आमच्या रेंजवर सकाळी लेन मिळणं मुश्कील झालंय, ते असो.)

आमच्याकडं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. त्यामुळं काडतुसाची कंपनी तर सोडाच, लॉट (एका वेळी बनवलेला माल) बदलला तरी फरक पडतो. ईली, लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात, ती शिकंजात बांधून एकेक लॉट मारून बघतात आणि जो जमेल त्याचाच साठा घेतात. बांधलेल्या रायफलीला ना भीती, ना खांदा. तरी गट वेगवेगळे पडतात. तुम्ही एकच खोकं मारलंय आणि निकाल नळीवर लावताय. १६५ आणि १६८ ग्रेनची, वेगळ्या कंपन्यांची दोन-तीन खोकी आणा. अण्णा म्हणतात तेही असेल, पण गोळीला विचारल्याशिवाय माणसाला दोष देऊ नका.

ताडोबाप्रेमी
मारायचंच कशाला? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, तिथेही कॅमेरा चालतो.

लीहायकाठ
इथे परवाना काढून, भगवा अंगरखा घालून, ठरलेल्या दिवसांत मारतात, आणि मांस आम्ही खातो. तो वाद वेगळ्या धाग्यात करू. जनावर जखमी होऊन रानात तडफडू नये, म्हणूनच हा इंच-दीड इंचाचा जीव काढतोय.

सरासरी
तीन गोळ्यांच्या गटावरून एवढी चर्चा चाललेली बघून मौज वाटते. त्याच रायफलीने, त्याच हाताने दहा गोळ्या मारल्या तर पसारा तीन गोळ्यांच्या सरासरी पसाऱ्यापेक्षा दीडपटीहून थोडा मोठाच येतो. यात कुणाचाच दोष नाही, गणितच तसं आहे. तीन-तीनचे गट नशिबाने कधी एक इंच येतील, कधी अडीच. लोक एक इंचवाला कागद पाकिटात घालून फिरतात. हमी छापणाऱ्यांनाही हे चांगलं माहीत असतं.

हरणाच्या काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा. दोन मिनिटांची रायफल २०० यार्डांवर चार इंचांत मारते. तेवढी पुरे. साडेतीन मिनिटांची मात्र नको.

दोनदा_मोजा
पुरे काय? बाकावर पिशव्या असतात. रानात बोटं गारठलेली, श्वास चढलेला, टेकायला ओकचं वाकडं खोड. रायफलीने चार इंच खाल्ले तर माणसाला काय उरलं?

मिशिगनचे_अण्णा
तीस वर्षांतले माझे सगळे बार ऐंशी यार्डांच्या आतले. पोरं यूट्यूब बघून ४०० यार्डांच्या गप्पा मारतात.

लीहायकाठ
शनिवारी रेंजवर गेलो. एकेक सांगतो.

दुर्बीण उतरवली. बेसचा पुढचा स्क्रू नखाने फिरला. पाना लागलाच नाही. तेल पुसून, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून, मापाने आवळला. नळी आणि पुढच्या दस्त्याच्या फटीतून डॉलरची नोट सरकवून पाहिली. रायफल हातात धरली तर नोट सरकते. पिशवीवर ठेवून वरून दाब दिला तर डाव्या बाजूला अडकते. प्लास्टिकचा दस्ता चक्क वाकतो.

१६५ ग्रेनची काडतुसं नेली होती. गट: १.४, १.९, १.६.

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं ना? दोष विकणाऱ्याचा.

(डमीही केलं. पाचपैकी दोनदा तोंड खाली गेलं. अण्णा, यावर बोलू नका.)

मिशिगनचे_अण्णा
बोलत नाही. 🙂

सरासरी
स्क्रू आवळलास, काडतूस बदललंस, दोन्ही एकाच सकाळी. आता सुधारणा कुणामुळे झाली ते कसं सांगशील? जुनं १५० ग्रेनचं खोकं न्यायला काय झालं होतं?

लीहायकाठ
सुधारली ना? मग पीएचडी कशाला करू?

दोनदा_मोजा
सरासरींचं बरोबर आहे, पण हंगाम तोंडावर आहे, जाऊ दे. तुझा गट उजवीकडे सरकत होता त्याचं उत्तर त्या नोटेत आहे. बारीक नळी, लागोपाठ नऊ बार, त्यात दस्ता डावीकडून ढकलतोय. बेस सैल होता तो पसारा वेगळा आणि हा सरकणारा आजार वेगळा. डोवेलवर (गोल लाकडी दांडी) सँडपेपर गुंडाळून दस्त्याची खोबण दोन मिलिमीटर घास. अर्ध्या तासाचं काम.

रंकाळा_रेंज
घासू नका! हमी जाईल. पिशवी मागं, मॅगझिनजवळ घ्या, जिथं दस्ता कडक आहे. वाकणाऱ्या टोकावर टेकवताच कशाला? आणि दोन बारांच्या मधे नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा.

दोनदा_मोजा
रानात तो पुढचा दस्ता कशावर टेकणार, मॅगझिनवर?

सरासरी
घासण्याआधी एक करून बघ. हरणावर तिसरी गोळी जात नाही, थंड नळीची पहिली जाते. साफ करून तेल लावलेल्या नळीची पहिली गोळी बऱ्याचदा भलतीकडे पडते, म्हणून मधे नळी पुसू नकोस. पाच वेगवेगळ्या दिवशी जा, दर खेपेला एकच बार, तोच कागद. पुढचा दस्ता रानात टेकवशील तसाच टेकव.

लीहायकाठ
झालं. चाळीस मैलांचा फेरा, एका गोळीसाठी, पाच वेळा. बायको विचारते, नक्की रेंजवरच जातोस ना.

दस्ता घासलेला नाही. पाच गोळ्या, एक पूर्णांक सात इंच. उजवीकडे सरकणं नाही. चार जवळजवळ आहेत, पाचवी खाली गेली. तिच्या वेळी अंग चोरलं होतं, मला बार व्हायच्या आधीच कळलं.