डेबियन १३ प्लाझ्मा: मराठी टायपिंग, श-ल चे आकार आणि धूसर अक्षरं

कळफलक: डेबियन १३ लिनक्स, केडीई प्लाझ्मा डेस्कटॉप, वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) सेशन. स्क्रीन १४ इंची, १९२०×१०८०, स्केल १२५ टक्के. काही प्रोग्रॅममधली अक्षरं धूसर दिसतात. एफसीआयटीएक्स ५ या इनपुट मेथडमधून (टायपिंगचा मधला प्रोग्रॅम) मराठी केट एडिटरमध्ये उमटतं, क्रोमियम ब्राउझरमध्ये नाही. आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट असूनही श, ल हिंदी वळणाचे येतात. मेनू इंग्रजीच ठेवायचे आहेत. लिब्रेऑफिसमध्येही श, ल तसेच येतात.

खिडकीवाला: धूसर दिसणारे प्रोग्रॅम बहुतेक एक्सवेलँडवर, म्हणजे जुन्या एक्स११ पद्धतीचे प्रोग्रॅम वेलँडमध्ये चालवणाऱ्या सोयीवर, चालत असणार. एक्स११-युटिल्स पॅकेज टाकून टर्मिनलमध्ये एक्सएलएसक्लायंट्स चालवा, यादीत येतील ते जुन्या पद्धतीचे. सिस्टम सेटिंग्ज > डिस्प्लेमध्ये लेगसी अ‍ॅप्सचं स्केलिंग सिस्टमकडे दिलं असेल तर चित्र ताणलं जातं, म्हणून धूसर. ते काम अ‍ॅपवरच सोपवा. मग एखादा जुना प्रोग्रॅम इवलासा दिसेल, कारण त्याला स्केलिंग कळतच नाही. त्याचा फॉन्ट त्याच्याच सेटिंग्जमधून वाढवायचा.

इन्स्क्रिप्टी: आधी एक विचारतो, एफसीआयटीएक्स हवंच कशाला? इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींचा प्रमाणित कळफलक) येत असेल तर कीबोर्ड > लेआउट्समध्ये भारतीय यादीतला मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट जोडा. हा थेट कीबोर्ड लेआउट आहे, मधे इनपुट मेथड नाही, त्यामुळे क्रोमियमसकट सगळीकडे चालतो. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य: शिफ्ट-जे, डी, स्लॅश. साधा जे दाबलात तर रफार येतो आणि ‘दुसर्या’ होतं.

रोमन अक्षरांतून मराठी लिहायचं असेल तर मात्र एफसीआयटीएक्स आणि त्याचं एम१७एन पॅकेज लागेलच. मग कीबोर्ड सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्ड पानावर एफसीआयटीएक्स ५ निवडा. जीटीके आणि क्यूटी (प्रोग्रॅमच्या खिडक्या-मेनू बनवणाऱ्या लायब्ररी) यांचे आयएम मॉड्यूल व्हेरिएबल कुठे लावले असतील तर काढा; एक्समॉडिफायर्स हा व्हेरिएबल राहू द्या, एक्स११ प्रोग्रॅमना ते लागतं. क्रोमियम वेलँडवरच चालत असेल तर त्याच्या डेस्कटॉप फाइलची प्रत होममधल्या डॉट-लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ठेवून एक्झेक (प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या) ओळीत ‘एनेबल-वेलँड-आयएमई’ हा पर्याय, आधी दोन डॅश देऊन, घाला. यूएसआरमधली मूळ फाइल बदललीत तर पुढच्या अपडेटला पुसली जाईल.

पाकळीचा ल: फॉन्टचा दोष नाही. नोटोमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श दोन्ही आहेत, पण मजकूर मराठी आहे हे कळल्याशिवाय फॉन्ट ते काढत नाही. लोकेल (सिस्टमची भाषा-प्रदेश सेटिंग) इंग्रजी असेल तर जीटीके देवनागरीला हिंदी धरून चालतं.

डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स चालवून मराठी भारत, यूटीएफ-८ तयार करा. मग होमच्या डॉट-कॉन्फिग/प्लाझ्मा-वर्कस्पेस/एन्व्ह फोल्डरात एसएच शेवट असलेली फाइल करून एकच ओळ लिहा: फक्त एलसी-सीटाइप या अक्षरांपुरत्या व्हेरिएबलला मराठी लोकेल, एक्सपोर्ट करून. लॉगआउट, लॉगिन. लँग हा मुख्य भाषेचा व्हेरिएबल इंग्रजी राहिल्याने मेनू इंग्रजीच राहतात. एलसी-ऑल कुठे लावलेलं असेल तर ते सगळ्यांवर मात करतं, तेवढं बघा.

लँग्वेज व्हेरिएबलमध्ये ‘इंग्रजी, मग मराठी’ लिहू नका. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये इंग्रजी हीच मूळ भाषा असते, तिची वेगळी भाषांतर-फाइल नसते, म्हणून गेटटेक्स्ट (मेनूंची भाषांतरं शोधणारी यंत्रणा) पुढच्या भाषेकडे जातं आणि अर्धे मेनू मराठी होतात.

लिब्रेऑफिस लोकेल नाही, मजकुराला लावलेली भाषा बघतं. टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी करा. जुन्या दस्तऐवजात सगळं निवडून फॉरमॅट > कॅरॅक्टरमधून पुन्हा लावावी लागते. ब्राउझरचं दुखणं वेगळं: तिथे पान बनवणाऱ्याने भाषा मराठी नोंदवली असेल तरच आकार बदलतात, आणि कितीतरी मराठी साइट्स ती नोंदवतच नाहीत.