थ्री पिस्टन पंपाचा एकच पिस्टन खराब झालाय, तेवढाच बदलू का?

वॉशिंगवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी, गाड्या धुवायचं सेंटर आहे आपलं, जोरात पाणी मारायचा एचटीपी थ्री पिस्टन पंप. हल्ली मधल्या पिस्टनखालून पाणी गळतंय आणि प्रेशरचा काटा आधी ३५ किलोपर्यंत जायचा तो आता २० वरच थरथरत बसतो. खोलून बघितलं तर पिस्टनच्या सिरॅमिकवर लांबीत चर पडलाय, नख अडकतं. बाकीचे दोन गुळगुळीत. दुकानदार म्हणतो नवीन पंपच घ्या, गावातला फिटर म्हणतो नुसतं पॅकिंग (पिस्टनभोवतीचं पाणी अडवणारं सील) टाकतो, चालून जाईल. पाणी बोअरचं आहे.

फिटर_निफाड:
दादा नवीन पंप कशाला. आधी तेल बघा, दुधासारखं पांढरं झालं असेल तर पाणी क्रँककेसमध्ये, म्हणजे पंपाच्या तेलाच्या खोक्यात शिरलंय, मग ऑइल सीलपण बदला आणि तेल पूर्ण काढून नवीन भरा. बेल्ट काढून पुली हाताने फिरवा, खडखड आली तर बेअरिंग गेलं आणि मग खर्चाचा हिशेब वेगळा. ते ठीक असेल तर एक प्लंजर (तोच सिरॅमिकचा पिस्टन) टाका, पण पॅकिंग तिन्हीकडे नवीन, नाहीतर महिन्याभरात दुसरा गळायला लागला की परत हेड उघडत बसाल. चर पडलेल्या प्लंजरवर नवीन पॅकिंग टाकणं म्हणजे पैसे नाल्यात.

बागायतदार७७:
काटा थरथरतोय म्हणजे व्हॉल्व पण काढून बघा राव. वाळूचा खडा अडकला की तो सिलिंडर पाणी ढकलतच नाही. सक्शनचा पाइप कुठे हवा ओढत नाही ना तेही. आमच्या फवारणीच्या पंपाला नवीन प्लंजर टाकूनही प्रेशर येईना, शेवटी निघाला क्लॅम्पच ढिला.

वॉशिंगवाला_तासगाव:
तेल स्वच्छ आहे, पुलीपण गुपचूप फिरते. मग प्लंजरच घेतो. बोल्ट किती आवळायचा?

फिटर_निफाड:
सिरॅमिकची ती पोकळ नळी असते, आतून बोल्ट जातो. खालची ओ-रिंग आणि तांब्याचा वायसर नवीनच घ्या. बेताने आवळा, पान्याला पाइप लावून जोर काढला तर तडा जातो, आणि असा तडा लगेच दिसत नाही हा त्यातला त्रास. पॅकिंगला ग्रीस लावून बसवा, त्याची ओठासारखी कड पाण्याच्या बाजूला. उलटं बसलं तर पहिल्याच दिवशी गळणार.
आणि ग्रीस कप असतील तर चालू कामात अधूनमधून पिळत जा, ते कोणीच करत नाही. टाकीतल्या फुटव्हॉल्वला (सक्शन पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व) बारीक जाळी लावा, हा चर वाळूनेच पाडलाय. टाकी संपल्यावर पंप कोरडा चालला तरी पॅकिंग जळतं, पोरांना सांगून ठेवा.

वॉशिंगवाला_तासगाव:
बरं मामा. दुकानात साइज काय सांगू, २२ नंबर म्हणलं की झालं ना?

फिटर_निफाड:
नाही हो, एका नंबरमध्ये पण कंपनीप्रमाणे लांबी वेगळी येते. जुना प्लंजर, पॅकिंग दोन्ही हातात घेऊनच जा आणि पंपाच्या प्लेटचा फोटो काढून न्या.