मदत हवी आहे : 'सॅन्क्शन' म्हणजे मंजुरी की निर्बंध?

नमस्कार मंडळी. मी बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. काल 'सॅन्क्शन'वर गाडी अडली. 'कर्ज सॅन्क्शन झालं', 'रजा सॅन्क्शन झाली' हे घरोघरी ऐकलेलं, त्यामुळे क्रियापदाचा 'मंजूर करणे' हा अर्थ मुलांना लगेच पटला. पण नाम झालं, त्यातही अनेकवचनी, की अर्थ थेट उलटतो. मे १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर 'सॅन्क्शन्स' लादले, म्हणजे आर्थिक निर्बंध. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मंजुरी कधी लादतात का?" प्रश्न अगदी रास्त होता.

मूळ लॅटिन क्रियापद 'पवित्र, अभंग ठरवणे' या अर्थाचं. त्यातून कायद्याला मान्यता आली आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही. इथवर मी सांगू शकले.

पुढे गोंधळ आहे. सरकारी नोकरावर खटला भरायला लागते ती 'सॅन्क्शन' नाम असूनही मंजुरीच. उलट बातम्यांत 'कंपनीला सॅन्क्शन केलं' म्हणजे निर्बंध घातले! मग नाम-क्रियापद हा नियम पुरत नाही.

पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' आलं तर निर्बंध, ही खूण मुलांना द्यावी का? आणि या अर्थासाठी कायद्यातला 'शास्ती' (म्हणजे दंड, शिक्षा) हा शब्द त्यांना समजेल का? शिकवणाऱ्यांनी, अनुवाद करणाऱ्यांनी कृपया सांगा. सोमवारी पुन्हा तास आहे.