मदत हवी आहे: सिव्हिल डिप्लोमानंतर बी.आर्क. करावं का? आणि रेव्हिटमधला जिना

नमस्कार मंडळी. सोलापूरकडे सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी मिळेल, पण ओढा बिल्डिंग डिझाईनकडे. गणितासह 3 वर्षांचा डिप्लोमा असला की नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) देऊन बी.आर्क.ला (आर्किटेक्चरची पदवी) जाता येतं, हे कळलंय. अडचण अशी की इंजिनिअरिंगला डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षात जातात, इथे पुन्हा पहिल्यापासून 5 वर्षं. वडील म्हणतात, "मग आधीची 3 वर्षं काय कामाची?" उत्तर देता येत नाही. या वाटेने कोणी गेलंय का? डिप्लोमाचा पुढे खरंच उपयोग झाला?

दुसरं, ऑटोकॅडवर (2डी ड्रॉइंगला वापरतो ते सॉफ्टवेअर) हात बसलाय, प्लॅन-एलिव्हेशन पटापट होतात. रेव्हिटमध्ये (इमारतीचं 3डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) मात्र घोडं जिन्यापाशी अडलंय. साधा डॉगलेग (मधे वळून उलट दिशेने चढणारा जिना), मजला 3 मीटर, 150 मिमीचे 20 रायझर (पायरीची उभी उंची). प्लॅनमध्ये सगळं छान. सेक्शन (उभा छेद) काढला की वरचा 450 मिमीचा बीम नेमका तिसऱ्या पायरीवर येतो, खाली उरतात 2.1 मीटर. हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) निदान 2.2 मीटर तरी हवा ना! जिना मागे ओढला तर लँडिंग (वळणावरचा सपाट भाग) 900 मिमीवर येतं. अशा वेळी तुम्ही बीम हलवता की पायऱ्यांचा हिशोब बदलता? (2डीत हे दिसलंच नसतं, तेवढं रेव्हिटचं कौतुक.)

ऑटोडेस्कचं विद्यार्थ्यांचं फुकट लायसन्स घेतलंय, पण 8 जीबी रॅमचा लॅपटॉप मान टाकतो. 16 जीबीचा सेकंडहँड घेतला तर निभेल का?