वॉर्डावॉर्डात मुलांसाठी एकत्र बैठक हवी, की आणखी एक कागदी समिती?

चुनाभट्टीवाला

मुंबईत मुलांसाठी सोयी नाहीत असं नाही. त्या पाचसहा जणांत वाटल्या गेल्यात आणि हे पाचसहा जण एकमेकांना तोंडानेसुद्धा ओळखत नाहीत. अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास खात्याची. लस आणि हेल्थ पोस्ट, म्हणजे वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र, महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे. शाळा महापालिकेच्याच, पण शिक्षण खात्याकडे. मूल हरवलं, मारहाण झाली, कुठे कामाला लावलं, तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती. पोलीस गृहखात्याचे, आणि त्यांच्या ठाण्याची हद्द वॉर्डाच्या हद्दीशी जुळत नाही ती वेगळीच. उरलेलं सगळं स्वयंसेवी संस्था बघतात.

याचा फटका कुणाला बसतो? आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची झोपडी नाल्याच्या कामात गेली, मानखुर्दला घर मिळालं. चार वर्षांच्या मुलीचं नाव जुन्या अंगणवाडीच्या मोबाइलमधल्या नोंदीतून निघेना, म्हणून नव्या अंगणवाडीत चढेना. पाचवीतल्या मुलाचा दाखला जुन्या शाळेत. धाकट्याचं लसीचं कार्ड सामानात गहाळ. ताईंनी तीन ठिकाणी खाडे करून खेटे घातले. प्रत्येक ठिकाणी माणसं बोलली नीट, पण उत्तर एकच: 'हे आमच्याकडे येत नाही.'

माझं म्हणणं, प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एक दिवस ठरवा. मुख्य सेविका, हेल्थ पोस्टच्या डॉक्टर, शाळांचे मुख्याध्यापक, बाल संरक्षण कक्षाचा माणूस, पोलीस, स्थानिक संस्था आणि पालक, सगळे एका खोलीत. अध्यक्ष सहायक आयुक्त. भाषणं नकोत, अडकलेली प्रकरणं घ्या आणि कोण काय करणार ते तिथेच लिहून घ्या. कुणाला पटतंय का?

निवृत्त मुख्य सेविका

नाही पटत. वर्षानुवर्षं अंगणवाड्या तपासल्यात म्हणून बोलते.

तुमची बैठक ठरली की पहिलं काय होईल सांगू? सेविकेला फोन येईल, 'बाई, उद्यापर्यंत माहिती पाठवा.' अंगणवाडी म्हणजे वस्तीतली दहा बाय दहाची भाड्याची खोली. भाडं वेळेवर येत नाही, घरमालकाची बोलणी सेविका खाते. त्याच खोलीत पोरं बसतात, त्याच खोलीत वजनकाटा, कोपऱ्यात घरपोच आहाराची पाकिटं. आता ती पाकिटं द्यायची तर आईचा चेहरा मोबाइलवर स्कॅन करायचा. नेटवर्क गेलं, चेहरा जुळला नाही, की बाई पोराला कडेवर घेऊन ताटकळत उभी. वर जनगणना आली, निवडणूक आली, सर्वेक्षण आलं, की बोलवा सेविकेला. आणि एवढं करून तिला म्हणायचं मानसेवी! पगार नाही, मानधन. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या त्या उगाच नाही.

आधी खोली द्या, माणूस द्या. बैठकीचा चहा नंतर पिऊ.

बेस्ट_बस_३५१

वॉर्डात आधीच इतक्या समित्या आहेत की त्यांची एक समन्वय समिती लागेल.

कलम_एकवीस

बेस्टवाले हसण्यावारी नेतायत, पण मुद्दा तोच आहे. चुनाभट्टीवाले जे मागतायत त्यातलं बहुतेक कागदावर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 खाली शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात 75 टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असायलाच हव्यात. वॉर्ड पातळीवर बाल संरक्षण समितीची कल्पना आहे, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतही ती पुढे चालू आहे. प्रभाग समितीवर सामाजिक काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात, ही तरतूद महापालिकेच्या कायद्यात आहे.

आता यातलं काय चालतं ते बघा. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, मग प्रभाग समिती कुठली? शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा होतात, पण अनेक ठिकाणी वही पालकांच्या घरी फिरते आणि सह्या गोळा होतात. नवी चौकट उभारायची हौस कशाला? आहेत त्या सभा भरवा आणि इतिवृत्त शाळेच्या फाटकावर लावा.

ताईंच्या मुलाचं तर कायद्याने केव्हाच झालं पाहिजे होतं. कलम 5 स्वच्छ सांगतं की मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही, ते कलम 14. त्यासाठी सहायक आयुक्त लागत नाही, कलमाची एक झेरॉक्स लागते.

चुनाभट्टीवाला

झेरॉक्स घेऊन ताईंनी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जायचं, असं म्हणताय? कायदा माहीत असलेला माणूस त्यांच्यासोबत उभा राहिला तर काम होतं, हे मलाही ठाऊक आहे. पण दर नाल्यामागे, दर पुलामागे शेकडो कुटुंबं हलतात. घरं कुणाची पाडायची आणि कुठे हलवायची याची यादी पालिकेकडे आधीच असते. तीच यादी शाळा आणि अंगणवाडीला आधी मिळाली तर? ती देणार कोण? देण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, म्हणून मला एक खोली हवी.

टी_जंक्शन

मी संस्थेत काम करतो. म्हणून सगळ्यांना गोड वाटणारा 'भागीदारी' हा शब्द आला की माझे कान टवकारतात. भागीदारीत सरकार जागा देतं, कधी तीही देत नाही, आणि काम संस्थेने देणगी गोळा करून करायचं. देणगी आटली की वर्ग बंद.

मुंबईला हे नवीन नाही. 1995 मध्ये युनिसेफ आणि महापालिका यांच्यासोबत 'प्रथम' इथेच सुरू झाली. वस्तीतल्या बायकांनी कुणाच्या घरात, देवळात, मिळेल त्या जागेत बालवाड्या चालवल्या. उत्तम काम झालं. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन घ्या. 1996 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून चाइल्डलाइन मुंबईत सुरू झाली आणि इथून देशभर गेली. स्टेशनवर राहणाऱ्या पोरांना ओळखणारी माणसं त्यात होती. मग 2023 मध्ये ते काम संस्थांकडून काढून सरकारी यंत्रणेकडे नेलं, 112 या आपत्कालीन क्रमांकाला जोडलं. ते चांगलं की वाईट यावर वेगळा धागा काढा, पण एवढं बघा की निर्णय वर झाला आणि रात्रीबेरात्री फोन उचलणारे कार्यकर्ते घरी बसले. कागदावर भागीदार होतो आम्ही!

बैठकीला मी येईन. पण सही करून कामं आमच्या गळ्यात मारणार असाल तर नाही.

नव्वदफुटी

काका-काकूंनो, सगळे बोलतायत त्यात सहा वर्षांखालची पोरं आणि शाळेतली पोरं. मी एकोणीसचा आहे. दहावीनंतर आम्ही कुठे जातो हे कुणाच्या रजिस्टरमध्ये आहे?

आमच्या घरात पाच माणसं, पोटमाळ्यावर शिवणाची मशीन चालते. अभ्यासाला जागा म्हणजे अभ्यासिका. ती रात्री लवकर बंद होते. का, तर वॉचमन नाही. महापालिकेची शाळा शेजारीच आहे, संध्याकाळनंतर अख्खी इमारत कुलपात. दोन वर्ग उघडले तर कुणाचं काय जातं? मुलींसाठी तर तेवढंही नाही, त्यांना घरून दूर पाठवत नाहीत. हे सांगायला आम्ही शाळेत गेलो तर म्हणे शिक्षणाधिकाऱ्यांना भेटा, तिथून म्हणे वॉर्ड ऑफिस, तिथून म्हणे मालमत्ता खातं.

बैठक घेणार असाल तर आम्हाला खुर्ची द्या. प्रार्थना म्हणायला आणि गुच्छ द्यायला बोलावू नका.

निवृत्त मुख्य सेविका

हा पोरगा मुद्द्याचं बोलला. शाळेच्या वर्गांचं तर मला आजही कळत नाही. एवढ्या इमारती, आणि अंगणवाडीला भाड्याची खोली!

सानिका_वडाळा

मला दुसरीच काळजी वाटते. 'अडकलेली प्रकरणं टेबलावर घ्या' असं वर सहज लिहिलंय. टेबलाभोवती मुख्याध्यापक आहेत, पोलीस आहेत, शेजारची पालक आहे. तिथे कुणी म्हणालं, 'अमक्या चाळीतल्या मुलीच्या घरी बाप मारतो', तर संध्याकाळपर्यंत चाळीत बातमी. त्या मुलीने पुन्हा कुणाजवळ तोंड उघडावं कसं?

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याला ती कळवावीच लागते, पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत थांबायची मुभा नाही. बाकीच्या बाबतीत नाव, पत्ता, शाळा यातलं काहीही उघड्या बैठकीत येता कामा नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलीय. बैठकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटोसकट यादी टाकेल, पैज लावते.

चुनाभट्टीवाला

सानिकाताई, मान्य. मग दोन वेगळ्या गोष्टी करू. घर बदललं, दाखला, लस, अभ्यासिका, वर्गखोल्या, हे सगळ्यांसमोर. मारहाण, छळ, हरवलेलं मूल, हे बाल संरक्षण कक्ष आणि समुपदेशक यांच्यातच. पोलीस पहिल्या प्रकारच्या, सगळ्यांसमोरच्या बैठकीत नकोत, हेही चालेल. पण एकत्र बसायचंच नाही, यावर मी तयार नाही.

कलम_एकवीस

मग सहायक आयुक्तांना अध्यक्ष करू नका. ते पावसाळ्यात नालेसफाईवर आणि उरलेलं वर्ष अतिक्रमणावर. पहिल्या तीन बैठका तहकूब होतील.

निवृत्त मुख्य सेविका

बसायचंच असेल तर वॉर्ड ऑफिसात नको. लसीकरणाच्या दिवशी हेल्थ पोस्टची नर्स ठरलेल्या अंगणवाडीत येतेच. आया येतात, आशा असते, सेविका असते. त्याच दिवशी जवळच्या शाळेतल्या एका बाईंना तासभर बोलवा. कुणाचं नाव चढायचं राहिलं, कुणाचा दाखला अडला, तिथल्या तिथे कळतं. ताईंच्या मुलीचं नाव अशा ठिकाणी दोन सेविकांनी एकमेकींना फोन लावून हलवलं असतं. जुनीने काढायचं, नवीने चढवायचं. मात्र त्या दिवशी सेविकेकडून दुसरा कुठलाही रिपोर्ट मागायचा नाही, हे लेखी द्या.

नव्वदफुटी

आणि अभ्यासिकेचं?

टी_जंक्शन

तुझ्या वॉर्डातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी आहे ते विचार, मी येतो. वर्ग उघडायची मागणी तिथून लेखी गेली तर मालमत्ता खात्याला लेखी उत्तर द्यावं लागेल. वॉचमनचा पगार मात्र आमच्या संस्थेवर टाकू नका, हे आत्ताच सांगून ठेवतो.