स्विमिंग पूलचा पंप खडखडतोय

सी-२०२: पूलच्या पंपातून सकाळपासून खडे फिरल्यासारखा आवाज येतोय. पूलमध्ये पाणीही जोरात येत नाहीये. कुणी बघितलं का?

सचिव: ऑपरेटर म्हणतो पंप जुना झालाय, बदलावा लागेल.

ए-७०१: सचिवसाहेब, एवढ्यात नको. असा आवाज बहुतेक वेळा पंपाला पुरेसं पाणी मिळत नसलं की येतो. आधी पूलची पातळी बघा, पाणी स्किमरच्या (भिंतीतून वरचं पाणी ओढणाऱ्या खाचेच्या) तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवं. मग पंपाच्या पुढची बास्केट, म्हणजे कचरा अडवणारी टोपली, साफ करा.

सी-२०२: काका, मी खालीच आहे. झाकण उघडू?

ए-७०१: थांब! आधी पंपाची एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली पाड. नुसत्या टायमरवर बंद असलेला पंप मध्येच सुरू होऊ शकतो. मग सक्शन (पूलमधून पंपाकडे येणारा) आणि रिटर्न (परत पूलकडे जाणारा) दोन्ही व्हॉल्व्ह बंद कर. आपली पंपरूम पूलच्या पातळीच्या खाली आहे, नाहीतर झाकण सैल करताच पाणी आत घुसेल. आणि हे काम ऑपरेटरलाच करू दे, तू सोबत थांब.

बी-५०४: पंपाचं चाललंय तर सांगते. पूलच्या तळाच्या ड्रेनची, म्हणजे पंप जिथून पाणी ओढतो त्या भोकाची, जाळी एका बाजूने उचकटली आहे. मुलं पायाने हलवत होती. रविवारी दुरुस्त केली तर चालेल ना?

ए-७०१: ताई, अजिबात नाही. सगळ्यांना आत्ताच पाण्याबाहेर काढा. जाळी निघाली की पंपाची सगळी ओढ त्या एका भोकावर येते. केस, हात, पोहण्याचे कपडे अडकले तर मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनला अशीच अडकून बुडाली. तिच्या आईला तिला ओढून काढता आलं नाही. त्यानंतर २००७ मध्ये तिच्याच नावाने तिथे ड्रेनच्या जाळ्यांचा कायदा झाला. कुणी अडकलं तर ओढत बसू नका, पहिला हात पंपाच्या स्विचवर गेला पाहिजे. तो स्विच कुठे आहे हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

बी-५०४: मला नाही माहीत. मुलांना बाहेर काढलंय.

सचिव: पूल बंद. गेटला कुलूप लावलं. स्विचजवळ मोठी पाटी आजच लावतो. पण पंप बंद ठेवला तर पाणी हिरवं होईल ना?

ए-७०१: पूलमध्ये कुणी नसताना तळाच्या ड्रेनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून फक्त स्किमरवर चालवा. कुलूप मात्र नवी जाळी स्क्रूसकट बसेपर्यंत काढायचं नाही.

सी-२०२: बास्केटमध्ये केसांचा हा एवढा गोळा निघाला! पातळीही कमीच होती, पाणी सोडलंय.

ए-७०१: छान. आता बास्केटचं भांडं पाण्याने काठोकाठ भरूनच झाकण लावा. पंप कोरडा चालला तर त्याचं सील जळतं. झाकणाच्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. मग व्हॉल्व्ह उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा नळ उघडा ठेवून, फिल्टरपासून लांब राहून पंप सुरू करा. दाबात अडकलेली हवा झाकण उडवू शकते. धार लागली की नळ बंद.

सी-२०२: झालं. आवाज गेला. फिल्टरचा दाब दाखवणारा गेज मात्र बराच वर दिसतोय.

ए-७०१: मग बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा. त्यासाठी फिल्टरच्या व्हॉल्व्हचं हँडल फिरवताना दर वेळी पंप बंद, चालू पंपावर फिरवलं तर आतलं गॅस्केट जातं. बॅकवॉशनंतरचा आकडा फिल्टरवर मार्करने लिहून ठेवा, त्याच्यावर ८ ते १० पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) चढलं की पुन्हा बॅकवॉश. आणि सचिवसाहेब, इलेक्ट्रिशियन आला की पंपाच्या आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण माझ्यासमोर दाबायला सांगा.

सचिव: चार वाजता येतोय. तुम्ही खाली या.