मदत हवी आहे : इंदूरच्या एनसीसी कॅडेटला ग्लायडर कुठे शिकता येईल?

नमस्कार. इंदूरला राहणाऱ्या माझ्या भाचीसाठी मार्गदर्शन हवे आहे. ती दहावीत असून शाळेतल्या एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्युनिअर कॅडेट आहे. एरोमॉडेलिंगमध्ये तिचा हात चांगला बसला आहे, बाल्सा या हलक्या लाकडाच्या फळ्या तासून ती स्वतः ग्लायडर बनवते, आणि आता तिला खऱ्या ग्लायडरमध्ये बसून उड्डाण शिकायचे आहे.

ही ओढ तिला माझ्याकडून लागली. 1980च्या दशकात कॅडेट असताना मी रोहिणी ग्लायडरमध्ये प्रशिक्षकांच्या शेजारच्या आसनावर बसून उडालो होतो. विंचची, म्हणजे ग्लायडरला खेचून वर चढवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राची, तार वर सुटल्यानंतर पसरलेली शांतता मला अजून आठवते. इंजिन नसल्यामुळे उतरण्याचा अंदाज चुकला तर पुन्हा फेरी मारता येत नाही, म्हणून उंची, वेग आणि वारा यांचा हिशेब विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून सतत मनात ठेवावा लागतो. पुढे एनसीसीचा भर मायक्रोलाइटवर, म्हणजे इंजिन असलेल्या अगदी हलक्या विमानांवर, गेला, आणि आता सीनिअर कॅडेटांना पिपिस्ट्रेल कंपनीच्या व्हायरस एसडब्ल्यू 80 विमानात प्रशिक्षकांसोबत उडायला मिळते. ती संधी मोलाचीच आहे, तरी माझ्या मते सुरुवात ग्लायडरपासून व्हावी.

ब्रिटनमधल्या एअर कॅडेटांचे काय झाले ते वाचल्यापासून माझी काळजी वाढली आहे. तिथे एप्रिल 2014मध्ये उड्डाणयोग्यतेच्या प्रश्नावरून व्हायकिंग आणि व्हिजिलंट या प्रकारांची सगळी ग्लायडरे जमिनीवर थांबवण्यात आली, मार्च 2016मध्ये ग्लायडिंगची अनेक पथके बंद करण्याचा निर्णय झाला, आणि 2018मध्ये व्हिजिलंट कायमची सेवेतून गेली. तिथले बहुतेक प्रशिक्षक स्वयंसेवक. उड्डाणेच थांबल्यावर त्यांचा सराव तुटला. त्या काळात वयाने मोठी झालेली मुले ग्लायडरमध्ये न बसताच कॅडेट दलातून बाहेर पडली, आणि माझ्या भाचीचेही तसेच होईल अशी भीती वाटते.

पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे अलीकडे कोणी शिकले असल्यास कृपया सांगावे : नवे विद्यार्थी घेतले जात आहेत का, दिवसाला साधारण किती लाँच (म्हणजे उड्डाणे) मिळतात, आणि बाहेरगावच्या मुलीने सलग दोन-तीन आठवडे राहून शिकावे की अधूनमधून यावे? सीनिअर विंगमध्ये जाण्याआधी ग्लायडरचा विद्यार्थी परवाना काढून ठेवल्यास मायक्रोलाइटच्या निवडीत त्याचा उपयोग होतो का, हेही एअर विंगमधून गेलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे.

इंदूर, देवास किंवा महूच्या परिसरात विंच लावता येईल असे मैदान कोणाच्या माहितीत असल्यास तेही कळवावे. उन्हाळ्यात माळव्याचे पठार असे तापते, की गहू निघालेल्या काळ्या रानांवर तापून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने घारी दुपारभर पंख न हलवता चढत असतात; ग्लायडिंगला एवढी अनुकूल हवा असताना मुलांना सहाशे किलोमीटर दूर पाठवावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विद्यार्थी परवान्यासाठी लागणारी 16 वर्षे तिला फेब्रुवारीत पूर्ण होतील. बोर्डाची परीक्षा संपताच पुण्याला जाण्याची तिच्या आईची तयारी आहे आणि मीही सोबत राहीन, म्हणून वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रे आधी कुठून सुरू करावीत, हे सर्वांत आधी सांगावे ही विनंती.